न सांगता

"मग सांगा बुवा, ‘सांगणे’ हा शब्द आला कुठून?"

नरहर मास्तरांनी प्रश्न टाकला तो मागच्या बाकावरच्या पोराला टाकावा तसा. उत्तर येणार नाही याची खात्री धरून.

सिद्रामबुवा मठाच्या पडवीत घोंगडीवर बसून पत्रावळी लावत होते. उद्या सप्ताहाचा शेवटचा दिवस, गावजेवण. पुढ्यात पळसाच्या पानांचा ढीग होता. त्यांनी पानाला बांबूची चोय टोचली, उरलेली मोडली आणि पुढचं पान उचललं.

"व्याकरण तू शिकवतोस. तूच सांग."

"मी सांगणं सोडायला आलोय."

मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली आणि बुवांच्या पुढ्यात ठेवलं.

ते उपरणं मठाचं. ते ज्याच्या खांद्यावर, त्याने सप्ताहात कथा सांगायची. बुवांचा आवाज बसला तेव्हा त्यांनीच ते नरहरच्या खांद्यावर टाकलं होतं. तेव्हा मास्तरांचे केस काळे होते. टेकडीच्या पायथ्याच्या गावांत तेव्हापासून कथा म्हटली की नरहर मास्तर. त्यांनी तोंड उघडलं की मांडीवरचं तान्हं रडायचं थांबतं, असं बायका म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं. आवडतही होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांची नलू तापाने गेली. एकुलती एक. कॉलेजात जाणारी.

मास्तर शाळेत शिकवत राहिले, बाजारात भाव करत राहिले. कथा मात्र त्यांनी सांगितली नाही; या सप्ताहाचेही सगळे दिवस नुसत्या भजनावर गेले.

"उद्या सांगता आहे," बुवा म्हणाले.

"ती सांगता वेगळी." मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "तिचा सांगण्याशी संबंध नाही. ‘स’ आणि ‘अंग’. सगळ्या अंगांसकट काम पुरं झालं की त्याची सांगता."

"असं होय? मला आपलं वाटायचं, सांगता सांगता संपतं म्हणून सांगता."

"ही चूक सगळा गाव करतो."

"गाव सगळ्याच चुका काही चुकून करत नाही."

मास्तरांनी मान फिरवली. हे असं होणार हे त्यांना ठाऊक होतं. टेकडी चढताना त्यांनी बुवांच्या एकेका वाक्याला उत्तर तयार करून ठेवलं होतं. देवाची इच्छा म्हणाले तर हे म्हणायचं. काळ हेच औषध म्हणाले तर ते.

बुवा यातलं काहीच म्हणत नव्हते.

"बरं, मूळ सांग ना. मी अडाणी माणूस."

"तुम्ही अडाणी नाही. ढोंगी आहात."

"तेही असेन... पण मूळ?"

"‘सांगणे’चं मूळ कोणालाच धड सांगता येत नाही. कोशवाले एकेक तर्क लढवतात." मास्तर नको नको म्हणत वर्गात शिरले होते. "‘कथा’चं बरं आहे. संस्कृतातला ‘कथ्’ धातू. तो ‘कथम्’वरून निघाला म्हणतात. कथम् म्हणजे कसं."

"म्हणजे आधी कोणीतरी विचारलं, कसं झालं?"

"हो."

"आणि त्याला उत्तर द्यायला क्रियापद जन्मलं."

"म्हणा तसं."

बुवांनी पत्रावळ उलटी करून पाहिली. एका जागी फट राहिली होती. तिथे त्यांनी लहानसं पान ठेवलं.

"आणि ‘का झालं’? त्याचं क्रियापद कोणतं?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि थांबले.

त्यांनी मराठी चाळली. संस्कृत चाळलं. लहानपणी आजोळी ऐकलेलं कानडीही, येत होतं तेवढं, चाळून पाहिलं. कारण देणे, समजावणे... पण हे तर सगळे जोडलेले शब्द. ‘कसं’च्या पोटातून जसं एक अख्खं क्रियापद बाहेर आलं होतं, तसं ‘का’च्या पोटातून...

"नाही."

"एवढ्या मोठ्या भाषेत?"

"नाही म्हटलं ना!" मास्तरांचा आवाज चढला. अंगणातलं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. "आणि म्हणूनच हे उपरणं परत. मला ‘का’ हवंय, बुवा. ‘कसं’ मला पाठ आहे. ताप कसा चढला, सलाईनला शीर कशी सापडेना, डॉक्टर माझ्या तोंडाकडे न बघता कसा बोलला... ते सांगून काय करू? तुमच्या कथेत मेलेलं पोर शेवटी उठून बसतं. बायका डोळे पुसतात, प्रसाद घेतात, घरी जातात. मी आता कोणाचंही पोर उठवणार नाही. खोटं आहे ते."

"नको उठवूस."

"...काय?"

"नको उठवूस म्हटलं."

एवढी तयारी करून आणलेलं भांडण असं समोरच्याने न उचलता पडून राहिलं, की माणसाला काय करावं कळत नाही. मास्तर खाली बसले. बसल्यावर बुवांनी त्यांच्याकडे पानांचा एक गठ्ठा सरकवला. फाटकी पानं वेगळी, धड वेगळी. मास्तर पानं निवडू लागले.

आतून भांड्यांचे आवाज येत होते. बायका उद्याच्या बुंदीसाठी बेसन भिजवत होत्या. त्यांच्यात गोदाबाईही होती, मास्तरांची बायको.

"गोदाबाई काय म्हणते?"

मास्तरांनी एक धड पान फाटक्यांत टाकलं.

"मास्तर, काय म्हणते ती?"

"एकच म्हणते. सकाळी चहा ठेवते तेव्हा, संध्याकाळी दिवा लावते तेव्हा... ‘शेवटी काय म्हणाली पोर? सांगा.’"

"मग?"

"मग काही नाही. मी बाहेर जातो."

नलू गेली तेव्हा गोदाबाई तिथे नव्हती. त्याच तापाने ती घरी अंथरुणाला खिळली होती. मास्तर एकटेच नलूला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. गोदाबाई भिंतीला धरून उठून बसेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नलूला लहानपणापासून एक खोड होती. चपला पायात अडकवायच्या आणि सुटायचं. मैत्रिणीकडे, नदीवर, लायब्ररीत. गोदाबाई पिठाच्या हातांनी दारात यायची आणि रिकाम्या रस्त्याला ओरडायची, "अगं, सांगून जात जा!"

आता कोणी भेटायला आलं, की गोदाबाई बाकी काही बोलत नसे. पदर तोंडाशी धरून एवढंच म्हणायची, "न सांगता गेली हो."

"मग सांग की तिला," बुवा म्हणाले.

"नाही."

"कथा सोड. त्यांचं तुझं तू बघ. बायकोला का नाही?"

"ते बोलण्यासारखं नाही."

"बोल कुठे म्हणतोय? सांग म्हणतोय."

"एकच आहे, बुवा."

"एकच? व्याकरणाचा मास्तर म्हणतोय हे?" बुवांनी प्रथमच पानावरून नजर उचलली. "माणूस एकटा असला तर बोलू शकतो?"

"बोलतो की. वेडी माणसं बोलतात. मीसुद्धा बोलतो, शाळेच्या वाटेवर."

"आणि एकट्याने सांगता येतं?"

प्रश्न बरोबर होता, याचा मास्तरांना राग आला.

"...नाही. सांगायला कोणाला तरी लागतं. बोलण्याचं तसं नाही. सांगण्याला चतुर्थी लागते."

"चतुर्थी? उपास?"

"विभक्ती हो! ‘ला’. अमक्याला सांगितलं, तमक्याला सांगितलं. रामाला, गोविंदाला, नलूला..."

शब्द तोंडातून गेला आणि मास्तरांचा हात पानावरच राहिला.

आतल्या बायकांपैकी कोणीतरी मोठ्याने पाणी मागितलं. कोणीतरी दिलं.

"नलू गेली," बुवा हळूच म्हणाले. "‘नलूला’ कुठे गेलं?"

"शब्दांचे खेळ नकोत!" मास्तर उठून उभे राहिले. मांडीवरची पानं पडवीभर झाली. "माझ्याशी तर नकोतच. ते खेळ मी पोटासाठी खेळतो. नलूला सांगायचं म्हणता? नलूलाच सांगत होतो मी! त्या रात्री, त्या खाटेवर बसून. तिला झोप येईना. मला दुसरं काय येतं? गोष्ट सांगायला लागलो."

"कोणती?"

"कोणती म्हणजे... ती राजाची. आंधळा राजा, बोलणारी घोडी. लहानपणी तिला आवडायची."

"लांब आहे ती."

"लांब आहे म्हणूनच घेतली. सगळी खोली ऐकत होती, बुवा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हायचा थांबला. नर्स दाराला टेकून उभी राहिली. घोडी नदीत शिरते तिथवर आलो, आणि नलू म्हणाली..."

मास्तरांनी वाकून पडलेलं एक पान उचललं.

"म्हणाली, ‘बाबा, जरा गप्प बसा ना.’"

"मग?"

"मग मी गप्प बसलो. पहाटे ती गेली. मध्ये काही बोलली नाही."

वाऱ्याने दोन पानं पायरीवरून खाली नेली. दोघांपैकी कोणी ती आणायला उठलं नाही.

"हे सांगू गोदाला? ती वाट बघतेय, पोरीने आईला हाक मारली असेल. देवाचं नाव घेतलं असेल. काहीतरी असेल जपून ठेवायला. तिच्या ओंजळीत हे टाकू? ‘गप्प बसा’?" मास्तरांचा आवाज आता चढला नव्हता, पण हटत नव्हता. "आणि खोटं सांगणार नाही. आईची आठवण काढली म्हणून थाप मारणं मला सोपं आहे. आयुष्यभर राजे-राण्यांना बोलायला लावत आलो. नलूच्या तोंडात मी माझं वाक्य घालणार नाही."

"नको घालूस."

"आणि अजून एक. सांगणे म्हणजे नुसती गोष्ट सांगणे नव्हे. काम सांगतो आपण. हुकूम सोडतो, तेही सांगणंच. तिने मला गप्प बसायला सांगितलं. मी ऐकतोय. तुम्ही म्हणता गोदाला सांग. आता तुम्हीच बोला, तुमचं सांगणं मोठं की तिचं?"

बुवांनी पत्रावळ बाजूला ठेवली. त्यांचे खांदे हलू लागले. मास्तरांना क्षणभर वाटलं, म्हातारा रडतोय.

म्हातारा हसत होता.

आवाज बसलेल्या माणसाचं हसणं, त्यात आवाज थोडा आणि धाप जास्त. पण हसता हसता त्यांनी गुडघ्यावर थाप मारली.

"हसता? तुम्ही हसता, बुवा?"

"कशी म्हणाली? रागावून?"

"नाही... रागावून नाही. चिडून. अभ्यासाला बसली की म्हणायची तशी. भुवया वर करून."

"धीट पोरगी रे!" बुवांनी डोळे पुसले. "इतकी वर्षं तुझी ती घोडी नदीत शिरते. इतकी वर्षं अर्ध्या मांडवाला वाटतं, आता शिरली ना, पोहू दे तिला, संपव. मलासुद्धा वाटतं. पण नरहर मास्तरांना गप्प बस म्हणायची छाती या पंचक्रोशीत कोणाची झाली नाही. तिची झाली. अंगात एवढा ताप असताना झाली."

मास्तरांना काहीतरी कडक बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथे त्याचं भलतंच काही झालं. एक हुंदका म्हणावा तर तो नव्हता. हसू म्हणावं तर तेही नव्हतं. त्यांनी तोंडावर हात दाबला.

"हसायला काय झालं एवढं?"

गोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत बेसनाने पिवळे. कपाळावरची बट मागे सारायला हात नव्हता म्हणून ती फुंकर मारत होती. आपल्या नवऱ्याला तिने कितीतरी महिन्यांत असं पाहिलं नव्हतं, म्हणून तिचा सूर थोडा रागाचा होता.

"ये. हात पूस," बुवा म्हणाले आणि पुढ्यातलं उपरणं तिच्याकडे फेकलं.

"बुवा! ते मठाचं..."

मास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने हात पुसले होते. एक, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतून नीट. मग घरी फडकं टाकते तसं तिने ते सवयीने आपल्या खांद्यावर टाकलं.

बुवा उपरण्याकडे बघत राहिले.

"बुवा, ह्यांना जरा सांगा हो, मला सांगायला," गोदाबाई म्हणाली. "तुमचं तरी ऐकतील."

"सांगून पाहिलं. ऐकत नाही."

"मग काय करावं माणसाने?"

"तू सांग."

"मी? मी काय सांगणार? मला कुठे काय ठाऊक आहे? शेवट ह्यांच्यापाशी आहे."

"आणि सुरुवात?"

गोदाबाईने भुवया आक्रसल्या. मास्तरांनीही मान वर केली.

नलू जन्मली तेव्हा मास्तर घाटापलीकडच्या गावी सप्ताहाला गेले होते. कथा रंगात आली होती. निरोप आला, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मास्तरांनी मांडवात साखर वाटली आणि कथा पुढे चालू केली. घरी आले तेव्हा पाळण्यात मूल होतं. ते कसं आलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पुढेही कधी नाही.

"ते काय सांगायचं?" गोदाबाई म्हणाली. "ते बायकांचं असतं."

बुवा घोंगडीवरून उठले. गुडघे धरत, खांबाला हात लावत, हळूहळू. ते खाली फरशीवर पानांत जाऊन बसले आणि रिकाम्या घोंगडीवर हाताने थोपटलं.

"ती कथेची बैठक. तिथे बायका बसत नाहीत," गोदाबाई म्हणाली.

"नाही बसत."

ती घोंगडीकडे बघत राहिली. स्वयंपाकघराच्या दाराशी आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक जण हळूच "अगं बाई" म्हणाली.

त्या "अगं बाई"नेच काम केलं असावं. गोदाबाईने पदर खोचला.

"बसते. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझी पोर गेलीय, माझं अजून काय जायचंय?"

आणि ती बसली. घोंगडीच्या मधोमध.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत बेसन राहिलं होतं.

"पायाळू होती," ती म्हणाली.

"कोण?" मास्तर म्हणाले.

"नलू. पायांनी आली. आधी पाय, मग डोकं. सुईण घाबरली, माझी आई घाबरली... मी नाही घाबरले. मला वाटलं, चपला घालूनच निघालेली दिसते."

दारातली एक बाई फसकन हसली आणि तिने लगेच तोंड झाकलं.

"पायाळू?" मास्तर उठायच्या बेतात होते. "मला कोणी सांगितलं नाही!"

"विचारलंत? आणि तुम्हाला सांगितलं असतं म्हणजे कथेत गेलं असतं. गावभरचे लोक कंबरा धरून दारात आले असते, पायाळू आहे ना, मार लाथ, उसण जाऊ दे. माझ्या पोरीला मी लाथा मारायला नाही जन्माला घातली. आईला शपथ घातली, सुईणीला लुगडं दिलं. कोणाला कळू दिलं नाही."

मास्तर बायकोकडे बघत होते. तिच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. पल्लेदार असं एक वाक्य नव्हतं. तरीही दारातल्या बायका एकेक पाऊल पुढे आल्या होत्या.

"पाऊस किती होता त्या दिवशी! ओढा भरलेला. सुईण पलीकडच्या काठाला, आणि माझा भाऊ..."

"थांब, थांब," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप वर गेला होता. "असं नाही, गोदा. आधी ओढा घ्यायचा. पाऊस, ओढा, अलीकडे तू, पलीकडे सुईण. मग पाय. पाय आधीच सांगून टाकलेस, आता मागे काय उरलं?"

गोदाबाई थांबली. तिने बुवांकडे पाहिलं. बायकांनी मास्तरांकडे पाहिलं.

आपला हात हवेत आहे हे मास्तरांच्या लक्षात आलं. तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. उपरणं त्यांच्या खांद्यावर नव्हतं. घोंगडी त्यांच्याखाली नव्हती. आणि त्यांना पुढचं ऐकायचं होतं. भाऊ ओढ्यात शिरला की नाही, सुईण आली कशी, मूल रडलं केव्हा, सगळं.

"बुवा," ते म्हणाले, आणि त्यांचा तो चार गावांत गाजलेला आवाज अगदी लहान होऊन आला. "मग मी... मी काय करू?"

सिद्रामबुवांनी पुढचं पान उचललं, चोय टोचली, उरलेली मोडली.

"तुला नलूने सांगितलंय की."